ओनायडाचं दिवाळं निघालंच नव्हतं

कम्यूनचा, म्हणजे सगळं सामाईक ठेवून एकत्र राहणाऱ्या वस्तीचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, सगळं सगळ्यांचं म्हटल्यावर काम कोण करणार, म्हणून ते बुडाले. ओनायडाच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. न्यूयॉर्क राज्यात 1848 ला जॉन हम्फ्री नॉइज या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने ही वस्ती काढली, खाजगी मालमत्ता नाही, नवरा-बायकोची जोडीही नाही, साधारण 300 माणसं एका मोठ्या घरात, आणि प्राणी पकडायच्या लोखंडी सापळ्यांचा धंदा असा जोरात की बाहेरचे मजूर पगारावर ठेवायला लागले! शिवाय रेशमी दोरा, डबाबंद फळं. काम टाळणाऱ्याला किंवा जास्त मिरवणाऱ्याला सगळ्यांसमोर बसवून त्याचे दोष तोंडावर सांगायचे (आपल्याला झेपलं नसतं बुवा).

मग मोडलं कशाने? कुणी कुणाशी संबंध ठेवायचे त्यात म्हाताऱ्यांचीच मर्जी चालायची, अगदी कोवळ्या मुलींच्या बाबतीतही, आणि हे खरंच घाण होतं. तरुण पिढी बिथरली, बाहेरून पाद्री मागे लागले, 1879 मध्ये अटकेच्या भीतीने नॉइज रातोरात कॅनडात पळाला. 1881 ला सगळ्यांना शेअर वाटून चक्क कंपनी केली, तीच पुढे काटे-चमचे विकून जगभर नावाजली.