ॲक्वासॉइलवर वाळू नको, मातीवर हवीच

वनस्पतींची पहिली टाकी लावणाऱ्याला वाळू नवी नसते. मासे पाळताना त्याने ती धुतलेली, पसरलेली आणि सायफनने साफ केलेली असते. म्हणून वाळूविषयी एवढेच पुरे की ती झाडांना स्वतः काही पोषण देत नाही, आणि समुद्रकिनाऱ्यावरून आणलेली असेल तर तिच्यातील शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पाण्याचा जडपणा वाढतो. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर ती टाकीत घालू नये. रंगवलेल्या निळ्या-गुलाबी खड्यांविषयी मी काही लिहिणार नाही, कारण ते लागवडीच्या टाकीत असूच नयेत.

गोंधळ होतो तो पोषण देणाऱ्या थराबाबत. ॲक्वासॉइल (टाकीच्या तळासाठी तयार मिळणारे, भाजलेल्या मातीचे दाणे) आणि रोपवाटिकेतील माती या एकाच वस्तूच्या महाग आणि स्वस्त आवृत्त्या आहेत, असा समज इतका पसरला आहे की एकीची कृती बिनदिक्कत दुसरीला लावली जाते. परिणामी महागाच्या ॲक्वासॉइलवर दोन इंच वाळू ओतलेली आणि बागेची माती मात्र उघडी ठेवलेली, अशा दोन्ही प्रकारच्या टाक्या सतत पाहायला मिळतात.

साधी माती सुटी असते. पाण्यात ती विरघळल्यासारखी पसरते, तिच्यातील सेंद्रिय भाग कुजू लागतो, आणि सुटणारी पोषकद्रव्ये मुळांपर्यंत जाण्याऐवजी पाण्यात मिसळून शेवाळाच्या उपयोगी पडतात. वाळूचा थर येथे झाकणाचे काम करतो, म्हणून तो ऐच्छिक नाही. माती सुमारे अडीच सेंटीमीटर आणि तिच्यावर एक ते दोन मिलिमीटर दाण्याची, स्वच्छ धुतलेली वाळू तीन ते चार सेंटीमीटर, हे प्रमाण नवशिक्याने सोडू नये. अधिक माती म्हणजे अधिक वाढ, असे होत नाही. थर फार जाड झाला की खाली प्राणवायू पोहोचत नाही, आणि मग काडी खुपसताच सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू वर येतो.

ॲक्वासॉइल ही माती असली, तरी दाणे करून भाजलेली असते. तो दाणा पाण्यात आकार टिकवून धरतो, त्यामुळे त्याला झाकणाची गरजच उरत नाही. उलट त्याचे निम्मे काम पाण्याशी थेट संपर्क असल्यानेच होते: तो पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो, कार्बोनेट जडपणा (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) खाली आणतो आणि सामू (पीएच) सातच्या खाली नेतो. वर वाळू पसरली की हा संपर्क तुटतो. शिवाय दाण्यांमधील ज्या पोकळ्यांतून पाणी खेळते आणि मुळे शिरतात, त्या बारीक वाळूने बुजतात. वाळू जड व बारीक असल्याने काही महिन्यांत खाली झिरपते, हलके दाणे वर येतात, आणि एखादे रोप उपटताच तळ काळा-पांढरा कालवल्यासारखा दिसू लागतो. टाकीच्या पुढच्या भागात पांढरी वाट हवी असेल, तर ती दगडांच्या आडोशाने वेगळी करून थेट काचेवर घालावी.

धुण्याबाबत नियम उलटा आहे: वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवावी, ॲक्वासॉइल मुळीच धुऊ नये. नव्या ॲक्वासॉइलमधून पहिले काही आठवडे माशांना घातक असा अमोनिया सुटू शकतो. त्या काळात पाणी वरचेवर बदलावे आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नयेत. ही वाट पाहणे ज्यांना जमत नाही, त्यांनी ॲक्वासॉइलच्या वाटेला जाऊ नये.

माती निवडतानाही एक सावधगिरी हवी. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि ओली झाल्यावर ती फुगते, म्हणून ती टाळावी. कोकोपीट मिसळलेली तयार कुंडीची माती तरंगते, तर भरपूर शेणखत घातलेली माती अमोनियाचा पूर आणते. साधी, चाळलेली, खत न घातलेली बागेची माती सर्वांत बरी.

साठ बाय तीस सेंटीमीटरच्या टाकीत पाच सेंटीमीटर थरासाठी नऊ लिटर ॲक्वासॉइल लागते. हा खर्च पेलत असेल तर पहिल्या टाकीसाठी मी तेच सुचवीन, कारण नवशिका रोपे सारखी हलवतो आणि झाकलेल्या मातीला ती चाळवाचाळव सोसत नाही. अपवाद एकच: बोअरवेलच्या जड पाण्यात ॲक्वासॉइलची पाणी मऊ करण्याची क्षमता लवकर संपते. अशा घरी वाळूखाली मातीच घालावी आणि व्हॅलिसनेरियासारखी जड पाणी मानवणारी रोपे लावून ती हलवू नयेत. ॲनुबियास आणि जावा फर्न या रोपांना मात्र दोन्ही थर निरुपयोगी आहेत. त्यांचे आडवे खोड पुरले की कुजते, म्हणून ती लाकडाला किंवा दगडालाच बांधावीत.