तोंडी तलाक: मुंबईच्या कोर्टातून, मुंबईच्या रस्त्यावर

तोंडी तलाकची चर्चा बहुतेक वेळा २०१७ पासून, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला तिथून सुरू होते. पण एका दमात तीनदा ‘तलाक’ म्हणण्याला कायद्याचं बळ मिळालं त्यात मुंबईच्या न्यायालयाचा हात होता, आणि त्याविरुद्ध मुस्लिम बायका पहिल्यांदा मोर्चा घेऊन निघाल्या त्याही मुंबईतच.

कुराणातली रीत सबुरीची आहे. नवरा-बायकोचं पटेनासं झालं तर दोन्ही घरांतला एकेक मध्यस्थ बसवावा. तरीही तुटलंच तर एक तलाक द्यावा, मग तीन मासिक पाळ्यांची इद्दत, म्हणजे थांबण्याचा काळ. त्या काळात नवऱ्याला तलाक मागे घेता येतो. एकाच बैठकीतल्या तीन तलाकला जुने अनेक सुन्नी फकीहसुद्धा (धर्मशास्त्री) ‘बिदअत’, म्हणजे मागाहून आलेली वाईट चाल म्हणत. दिला तर मात्र लागू होतो, असं बहुतेकांचं मत. शियांना तो मान्यच नाही. त्यांच्यात तलाकला दोन साक्षीदार हवेतच. मुंबईत बोहरी आणि खोजे शिया, कोकणी मुसलमान शाफई, उत्तरेतून आलेले बहुतेक हनफी; हे दोन्ही सुन्नी पंथ. त्यामुळे भेंडीबाजारच्या आसपास एका गल्लीत जो तलाक लागू होई, तो शेजारच्या गल्लीत फोल ठरे.

१९०५ मध्ये ‘साराबाई विरुद्ध राबियाबाई’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बॅचलर यांनी अशा तलाकचं वर्णन केलं ते असं: धर्मशास्त्रात वाईट, पण कायद्यात ग्राह्य. पुढे कित्येक दशकं वकील हेच वाक्य पुढे करत आले.

बाईला स्वतःहून सुटायचं तर ‘खुला’, म्हणजे बायकोने मागितलेला तलाक, होता, पण त्याला नवऱ्याची संमती लागे आणि बहुधा मेहरवर, म्हणजे लग्नात नवऱ्याने कबूल केलेल्या रकमेवर, पाणी सोडावं लागे. हनफी शास्त्रात कोर्टाकडून सुटका मिळणं जवळजवळ अशक्य. पंजाबात काही बायकांनी लग्न मोडावं म्हणून धर्मच सोडला, तेव्हा उलेमा, म्हणजे धर्मपंडित, हलले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथातले उदार नियम घेण्याचा मार्ग दाखवला आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल, छळत असेल तर बाई कोर्टात जाऊ शकते. या कायद्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, याचं मला नवल वाटतं.

१९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी व्यक्तिगत कायदे, म्हणजे लग्न-तलाकाचे धर्मानुसारचे कायदे, मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासता येत नाहीत असं ठरवलं. खटला हिंदू द्विभार्येचा, पण दार मुसलमान बायकांसाठीही बंद झालं. छागला स्वतः खोजा.

१८ एप्रिल १९६६ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचे लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाई यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. बायका किती? सात. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, या मागण्या. आकड्यावरून हसणारे तेव्हाही होते. पण त्या काळी आपल्याच मोहल्ल्याच्या विरोधात रस्त्यावर उतरायला सात बायकांना काय लागलं असेल, ते हसणाऱ्यांना कळणं कठीण. १९७० मध्ये दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. दुसऱ्या बाजूने, म्हणजे व्यक्तिगत कायद्यात बदल नको म्हणणाऱ्यांचं, १९७२ च्या डिसेंबरात मुंबईतच मोठं अधिवेशन भरलं. त्यातून ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभं राहिलं.

तलाक दिलेल्या बाईच्या पोटगीचा शाहबानो निकाल (१९८५) आणि त्यावर आलेला १९८६ चा कायदा सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा कमी ठाऊक असलेला २००२ चा दगडू पठाण खटला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद इथल्या पूर्णपीठाने सांगितलं की तलाक दिला एवढं म्हणून भागणार नाही. सबळ कारण आणि आधीचा समेटाचा प्रयत्न दोन्ही सिद्ध करावे लागतील. काही महिन्यांनी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा घेतली.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तोंडी तलाक रद्द झाला. न्या. कुरियन जोसेफ यांनी १९०५ चंच वाक्य उलटवलं: धर्मशास्त्रात जे वाईट, ते कायद्यातही वाईट. न्या. नरिमन यांनी नरसू अप्पा माळी निकालाचा कधीतरी फेरविचार व्हावा असं सुचवलं.

२०१९ च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उच्चार रद्द म्हणजे लग्न कायम. त्यामुळे बायकोलाच अशा नवऱ्यापासून मोकळं व्हायचं असेल, तर खुला घ्यायचा किंवा १९३९ च्या कायद्याखाली वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात अर्ज करायचा.