कोकणातील स्थलांतरित घरकामगार

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून मुंबई, गोवा किंवा आखातात परक्या घरी राबायला जाणारे स्त्री-पुरुष. मोलकरीण म्हटले की बाईच डोळ्यांपुढे येते. पण कुवेतमधल्या घरात ड्रायव्हर किंवा स्वयंपाकी म्हणून राहणारा पुरुषही कायद्याने घरकामगारच. दोघांचा व्हिसा एकच, २० नंबरचा, म्हणजे बोलीतला ‘खादिम (नोकर) व्हिसा’.

आखाताची वाट पासपोर्टावर ठरते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीला जाण्याआधी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशांना सहाही आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते. बाईचे वय तिशीच्या आत असेल तर घरकामासाठी ती मिळत नाही; २०१६ पासून या गटातल्या बायकांची भरतीही सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम आहे. हेतू फसवणूक रोखण्याचा. पण घरची नड तिशीची वाट बघत नाही. मग एजंट व्हिजिट व्हिसा काढतो, आणि बाई सरकारी नोंदीतूनच गळते: करार नाही, ‘प्रवासी भारतीय विमा योजने’चा दोन वर्षांना २७५ रुपये हप्त्याचा १० लाखांचा विमाही नाही. तिला जपण्यासाठी केलेला नियम तिलाच उघड्यावर टाकतो तो असा.

पुढे गाठ कफीलशी, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाशी. कुवेतच्या २०१५ च्या कायद्याने दिवसाला कमाल १२ तास काम आणि आठवड्याची सुट्टी ठरवली, पासपोर्ट काढून घेण्यास मनाई केली. तरी छळाला कंटाळून घर सोडले, की कफील ‘फरार’ची तक्रार देतो आणि गुन्हेगार कामगारच ठरतो.

मुंबईत २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आले. १८ ते ६० वयाच्या बाईची नोंदणी होते, मात्र मालकाचा दाखला लागतो. तो मागितला की पहिला प्रश्न ठरलेला: “यात माझ्यावर काही येणार नाही ना?” मंडळ प्रसूतीला, अंत्यविधीला मदत देते, कामाचे तास, रजा, नोटीस यांवर कायदा गप्प. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितले.

तोवर रजा तोंडीच. गणपतीला आठ दिवस गावी गेलेली बाई परत येते, तेव्हा त्या घरात कधीकधी दुसरीच भांडी घासत असते.