स्पेसबार दाबताच शब्द का बदलतो?

वर्डमध्ये कंसात ‘सी’ टाइप केलं की कॉपीराइटचं चिन्ह उमटतं. दोन हायफनचा डॅश होतो, वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर आपोआप कॅपिटल होतं. हे सगळं नकोसं होऊन बंद करायला गेलं, तर एका टिकमार्कवर भागत नाही. या सोयी एकाच वेळी आलेल्या नाहीत, म्हणून त्यांची बटणंही एका जागी नाहीत.

शुद्धलेखन तपासणारे प्रोग्राम बरेच जुने. राल्फ गोरिन यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्डला ‘स्पेल’ लिहिला. तो चुकीचा वाटलेला शब्द दाखवायचा, पर्याय सुचवायचा. शब्द बदलायचा की नाही, हे लिहिणाराच ठरवायचा.

ही रीत बदलली ती मायक्रोसॉफ्टमधल्या डीन हॅचामोविच यांच्या कल्पनेने. वर्डमध्ये तेव्हा ‘ग्लॉसरी’ होती: ठरलेली खूण टाइप करून एफ३ दाबलं की तिच्या जागी साठवलेला मजकूर येई. इंग्रजी ‘द’ लिहिताना शेवटची दोन अक्षरं अनेकांकडून उलटी पडतात. हीच युक्ती तिथे चालेल, हे त्यांच्या लक्षात आलं. मग एफ३ तरी कशाला? शब्द संपला की स्पेसबार दाबावाच लागतो. दुरुस्ती त्यालाच जोडली. १९९३ च्या वर्ड ६.० मध्ये हे ‘ऑटोकरेक्ट’ म्हणून आलं. कल्पना सुंदरच होती, पण विचारण्याची पायरी तिथेच गळली, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

चुकांखालची लाल नागमोडी रेघ वर्ड ९५ मध्ये आली. ती फक्त दाखवते, बदलत काही नाही. त्यामुळे रेघ बंद केली तरी ऑटोकरेक्ट चालूच राहतं. इथे खूप जण फसतात.

बंद करण्यासाठी विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग आणि मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जायचं. ‘रिप्लेस टेक्स्ट अ‍ॅज यू टाइप’वरची टिक काढली की शब्दांची अदलाबदल थांबते, कॅपिटल अक्षरांच्या टिका तिथेच, पण वेगळ्या. डॅश, वळणदार अवतरणचिन्हं आणि आपोआप सुरू होणाऱ्या याद्या मात्र शेजारच्या ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’ या टॅबमध्ये. एखादाच बदल नको असेल तर तो होताच कंट्रोल-झेड दाबावं: दुरुस्ती मागे जाते, टाइप केलेलं राहतं. सगळं बंद करण्याआधी ऑटोकरेक्टच्या शब्दबदलांच्या यादीतली फक्त नको ती नोंद काढून पाहावी, हे मी आवर्जून सांगेन.

वर्डमध्ये निदान बंद करायचा हा पर्याय पहिल्यापासून होता. एक्सेल जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलत असे, म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ‘मार्च१’सारखी नावंच बदलली. तिथला आपोआप बदल थांबवायचा पर्याय २०२३ मध्ये आला.