कट्टरतावादविरोधी शिक्षण

कट्टरतावादविरोधी शिक्षण : हिंसेचे समर्थन करणाऱ्या विचारसरणीकडे माणसे कशी ओढली जातात हे किशोरवयीन मुलांना ओळखता यावे आणि तिला नकार देता यावा, यासाठी दिले जाणारे शिक्षण. विचारसरणी धार्मिक असो, वंशवादी असो वा राजकीय, तिच्यात माणसे ओढण्याच्या रीती बऱ्याच मिळत्याजुळत्या असतात. त्यामुळे चांगले अभ्यासक्रम एखाद्या विशिष्ट गटापेक्षा या रीतींवर भर देतात.

किशोरवयात ‘मी कोण, माझे कोण’ हे प्रश्न तीव्र होतात आणि अन्यायाची चीडही खरी असते. मानसशास्त्रज्ञ एरी क्रुग्लान्स्की यांच्या मते कट्टरतेच्या मुळाशी आपल्याला किंमत असावी ही भूक असते. भरती करणारा प्रथम आपुलकी देतो, शिकवण नंतर येते. म्हणूनच ‘हे वाईट आहे, यापासून लांब राहा’ एवढेच सांगणारी व्याख्याने फारशी उपयोगी पडत नाहीत.

एक पर्याय मानसिक लसीकरणाचा. फसव्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधीच दिली, तर पुढे खरा मारा झाल्यावर मन तग धरते, ही कल्पना विल्यम मॅग्वायर यांनी 1960 च्या दशकात मांडली. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी तिच्यावर संगणकीय खेळ बेतले. त्यांपैकी एका खेळात खेळणाऱ्यालाच काल्पनिक अतिरेकी संघटनेचा भरती अधिकारी व्हावे लागते. संघटनेचे ध्येय मुद्दाम हास्यास्पद ठेवले आहे : ध्रुवांवरचा बर्फ अणुबॉम्बने उडवून देणे. एकाकी माणूस हेरायचा, त्याचा विश्वास मिळवायचा, त्याला मित्रांपासून आणि घरच्यांपासून तोडायचे आणि शेवटी कृतीला उद्युक्त करायचे, अशा चार पायऱ्या खेळणारा स्वतः चढतो. कोणत्याही खऱ्या समाजाकडे बोट न दाखवता युक्ती उघडी पडते, हे या रचनेचे मोठे यश म्हणावे लागेल.

अनुभवातून शिकवण्याचे टोकाचे उदाहरण 1967 चे. सामान्य जर्मनांनी नाझी राजवट कशी चालवून घेतली, हे कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथील शिक्षक रॉन जोन्स यांना विद्यार्थ्यांना पटवून देता येईना. त्यांनी वर्गात कडक शिस्त, घोषणा आणि खास सलाम सुरू केला. काही दिवसांतच ‘चळवळ’ वर्गाबाहेर पसरली आणि ती त्यांना घाईने थांबवावी लागली. धडा प्रभावी ठरला खरा, पण तो मुलांना अंधारात ठेवून दिलेला होता. आज तो कोणी गिरवू नये.

याउलट पश्चिम जर्मनीत 1976 मध्ये राजकीय शिक्षणासाठी ठरलेली तत्त्वे, म्हणजे बॉइटल्सबाख सहमती, शिक्षकालाच लगाम घालते. विद्यार्थ्यावर आपले मत लादायचे नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हित तपासता आले पाहिजे. कट्टरतावाद उत्तरे तयार देतो, त्यामुळे त्याला विरोध करणाऱ्या शिक्षणानेही तयार उत्तरे वाटली तर सवय तीच राहते.

या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न पाळतीचा आहे. ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याने विद्यार्थी दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची काळजी घेण्याचे कर्तव्य शाळांवर आले आणि संशयास्पद वाटणाऱ्या मुलांची नावे पुढे कळवण्याची व्यवस्था शाळांत रुजली. मुस्लिम विद्यार्थ्यांकडे जास्त संशयाने पाहिले जाते, मुले वर्गात बोलायला कचरतात, अशी टीका झाली. धोक्यात असलेल्या मुलाला वेळीच मदत मिळते, असा समर्थकांचा दावा आहे. दोन्ही बाजूंत तथ्य असले, तरी ज्याला बोलल्याबद्दल तक्रारीची भीती आहे तो मुलगा आपली शंका वर्गात विचारणार नाही. ती ऐकून घ्यायला तयार असलेला भरती करणारा ऑनलाइन हजर असतोच. डेन्मार्कमधील आर्हुस शहराने पोलीस, पालिका आणि शाळा यांची सांगड घालून कट्टरतेकडे ओढल्या जाणाऱ्या तरुणांना मार्गदर्शक मित्र देण्यावर भर दिला.

युनेस्कोने 2016 मध्ये शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली. परिणाम मोजणे मात्र कठीण असते, कारण प्रत्यक्ष हिंसेकडे वळणारी मुले मुळातच अत्यल्प असतात. बहुतेक चाचण्या भरतीच्या युक्त्या ओळखता येतात का एवढेच तपासतात, आणि लसीकरणाचा असरही उजळणीअभावी काळानुसार ओसरतो.