संगीत सादरीकरणातील पदव्युत्तर शिक्षण

वाद्यवादन, गायन किंवा वाद्यवृंदसंचालन यांत पहिली पदवी, किंवा तेवढी तयारी, झाल्यानंतर घेतले जाणारे उच्च शिक्षण. संगीतशास्त्र वा संगीत-इतिहासातल्या पदव्युत्तर पदवीत प्रबंध मुख्य असतो. इथे ते मुख्य स्थान मंचावरच्या सादरीकरणाला असते आणि परीक्षक प्रामुख्याने वाचत नाहीत, ऐकतात. ही नोंद पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या पद्धतीपुरती आहे.

पूर्वपीठिका

संगीत शिकवणाऱ्या मोठ्या संस्था जुन्या आहेत. पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी १७९५ मधली, लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक १८२२ मधली, तर लाइपझिगची संस्था फेलिक्स मेंडेल्सन याने १८४३ मध्ये सुरू केली. तिथे विद्यापीठीय पदव्या नव्हत्या. पॅरिसमध्ये शेवटच्या परीक्षेत ‘पहिले पारितोषिक’ मिळवले की शिक्षण संपले, आणि ते एकाच वर्षी अनेकांना मिळू शकत असे. वादनाला विद्यापीठाच्या चौकटीत बसवण्याचे काम मुख्यतः अमेरिकेत झाले. वादक प्राध्यापक म्हणून नेमायचे, तर त्यांच्याकडे डॉक्टरेट हवी. पण संशोधनाची पीएच.डी. त्यांच्या कामाशी जुळत नव्हती. यातून १९५० च्या दशकात ‘डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स’ (डीएमए) ही पदवी आली. तिच्या बाजूने आग्रहाने बोलणाऱ्यांत ईस्टमन स्कूल या अमेरिकेतल्या संगीत-विद्यालयाचा संचालक हॉवर्ड हॅन्सन आघाडीवर होता. युरोपातल्या संस्थांनी, देशोदेशीच्या पदव्यांची रचना एकसारखी करू पाहणाऱ्या १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर, पहिली पदवी आणि मास्टर्स असे दोन टप्पे हळूहळू स्वीकारले. म्हणजे आज सर्वत्र दिसणारी ‘मास्टर्स’ ही युरोपातल्या बऱ्याच संस्थांत तशी अलीकडची गोष्ट आहे.

पदव्यांचे प्रकार

मास्टर्स साधारण दोन वर्षांची. ब्रिटनमध्ये एका वर्षातही होते. ‘आर्टिस्ट डिप्लोमा’ ही पदवी नव्हे. त्यात इतिहास-सिद्धान्ताचे विषय जवळपास नसतात, फक्त वाजवायचे असते, आणि प्रवेश बहुधा मास्टर्सपेक्षाही अवघड असतो. जर्मनीत त्या उंचीची परीक्षा ‘कोन्त्सर्टएक्झामेन’ म्हणून ओळखली जाते. डीएमएमध्ये अनेक मैफली, सर्वंकष परीक्षा, व्याख्यानासह एक मैफल आणि एक लेखी प्रबंध असा मोठा पसारा असतो.

शिक्षकाची निवड

इच्छुक विद्यार्थी आधी संस्थांची नावे पाहतो. अनुभवी लोक आधी शिक्षकाचे नाव विचारतात, आणि त्यांचेच बरोबर आहे. आठवड्यातला एक तास, दोन वर्षे, एकाच माणसासमोर वाजवायचे असते. तो माणूस दौऱ्यावर असेल आणि तास त्याचा साहाय्यक घेत असेल, तर संस्थेच्या नावाचा उपयोग मर्यादितच. म्हणून अर्जाच्या आधी त्या शिक्षकाला लिहून एखादा चाचणी-तास घेण्याची रीत आहे. त्या तासात शिक्षक विद्यार्थ्याला जोखतो, तसे विद्यार्थ्यानेही शिक्षकाला जोखायचे असते: तो नुसते ‘असे वाजव’ म्हणून स्वतः वाजवून दाखवतो, की गजाचा वेग कुठे मंदावतो आहे आणि का, हे शोधून देतो? जमल्यास त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना ऐकावे. सगळेच हुबेहूब त्याच्यासारखे वाजवत असतील, तर तेही काही सांगून जाते.

दुसरी बाब जागांची. एका शिक्षकाच्या वर्गात वर्षाला दोन-तीन जागा रिकाम्या होतात, कधी एकही नाही. त्यामुळे नकार म्हणजे वादन कमी पडले, असे दर वेळी नसते.

प्रवेश

उत्तर अमेरिकेत अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते आणि ऑडिशन जानेवारी ते मार्चमध्ये होतात. त्याआधी अनेक वाद्यांसाठी ध्वनिचित्रमुद्रणाची चाळणी असते. नियम सहसा असा, की प्रत्येक रचना किंवा तिचा भाग एका दमात मुद्रित झाला पाहिजे, मध्ये जोडकाम चालणार नाही. दोन रचनांच्या मध्ये कॅमेरा थांबवता येतो, रचनेच्या मध्ये नाही. सातव्या मिनिटाला एक स्वर घसरला की पुन्हा पहिल्यापासून. साथीचा पियानोवादक तासाच्या हिशेबाने पैसे घेत असतो आणि सभागृहाची वेळ संपत आलेली असते. अशा वेळी स्वर घसरला तरी ज्यात संगीत जिवंत आहे, ते मुद्रण पाठवावे असे बहुतेक शिक्षक सांगतात. धाडस मात्र फार थोड्यांना होते.

प्रत्यक्ष ऑडिशन बहुधा दहा-पंधरा मिनिटांची असते. पहिली रचना उमेदवार निवडतो, पुढची समिती सांगते आणि मध्येच थांबवते. थांबवणे म्हणजे नापसंती नव्हे. त्यांना हवे ते ऐकून झालेले असते. पियानोसाठी बाखची एक प्रिल्यूड आणि फ्यूग, एक संपूर्ण अभिजात सोनाटा, एखादी अवघड एट्यूड (तंत्राच्या सरावासाठी लिहिलेली रचना) आणि रोमँटिक काळातली मोठी रचना असा साचा ठरलेला आहे. गायकाला इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजीतली गाणी लागतात, आणि उच्चारांवर गुण जातात.

वाद्यवृंदातल्या वाद्यांना याखेरीज ‘एक्सर्प्ट’ वाजवावे लागतात, म्हणजे मोठ्या रचनांमधले ठरलेले तुकडे. व्हायोलिनवादकांसाठी रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चे पहिले पान हा ठरलेला अडसर आहे. पहिल्याच मापात (स्वरलिपीतल्या ताल-खंडात) स्वर वर झेपावतात आणि तिथे लय किंचित पळाली की पुढचे सारे सैल ऐकू येते. बासरीवाल्यांना मेंडेल्सनच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला स्केर्झो (जलद, खेळकर भाग) येतो. त्यातल्या सलग धावणाऱ्या स्वरांत श्वास घ्यायला धड जागाच नाही. ती कुठे चोरायची, हे प्रत्येकाने आधी ठरवून आणि घोटून यावे लागते.

पैसा

शुल्काच्या बाबतीत संस्था-संस्थांत फरक प्रचंड आहे. फिलाडेल्फियाचे कर्टिस इन्स्टिट्यूट १९२८ पासून कोणाकडूनही शिकवणी शुल्क घेत नाही. २००५ मध्ये जाहीर झालेल्या १० कोटी डॉलरच्या देणगीमुळे येल स्कूल ऑफ म्युझिकचे शुल्कही माफ झाले. जर्मनीतल्या सरकारी संगीत-विद्यापीठांत शुल्क बहुधा नसते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. इतरत्र शिष्यवृत्तीवर सारे अवलंबून असते, आणि शिष्यवृत्ती निव्वळ गुणवत्तेवर मिळते असे मानणे भाबडेपणाचे आहे. संस्थेला आपला वाद्यवृंद भरायचा असतो. ‘बसून’ या खर्जातल्या फुंकवाद्याचे दोन वादक कमी असतील, तर मध्यम बसूनवादकालाही चांगली रक्कम मिळते. बासरी आणि पियानोकडे उत्तम उमेदवारांची रांग असते. म्हणून एकाच संस्थेच्या देकारावर थांबू नये. दुसरीकडचा देकार दाखवून रक्कम वाढवून मागणे इथे गैर मानले जात नाही. अमेरिकी विद्यापीठांत सहायक अध्यापकाचे काम करून शुल्कमाफी आणि थोडे विद्यावेतन मिळते. केवळ मंचावर वाजवण्याच्या पेशासाठी मोठे कर्ज काढणे, हा मात्र या क्षेत्रातला सर्वांत महाग पडणारा निर्णय ठरतो.

अभ्यासक्रम

अमेरिकेत दाखल होताच बहुधा सिद्धान्त आणि इतिहासाची चाचणी होते. नापास झालेल्यांना पूरक वर्ग करावे लागतात, तेही बऱ्याचदा पदवीच्या श्रेयांकात न धरता. बाकीचा आठवडा वाद्यवृंदाच्या तालमी, कक्षसंगीत (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचे संगीत), शिक्षकाचा तास आणि सगळे सहाध्यायी समोर बसतात तो सामूहिक वर्ग यांत जातो. उरलेला वेळ सरावाच्या खोलीत. मास्टर्सच्या शेवटी साधारण तासाभराची मैफल असते. पियानोवादक आणि गायक ती बहुधा पाठ सादर करतात. सरावाचे तास एकदम वाढवले की हाताच्या दुखापती होतात, आणि त्या लपवण्याची वाईट सवय वादकांत आहे. पियानोवादक लिऑन फ्लायशर याचा उजवा हात १९६० च्या दशकात डिस्टोनियाने, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याच्या विकाराने, निकामी झाला. तो डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत आणि शिकवत राहिला.

पदवीनंतर

वाद्यवृंदाच्या ऑडिशनमध्ये प्रमाणपत्र कोणी मागत नाही. निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत उमेदवार पडद्याआड वाजवतो. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून ही प्रथा रुळली. एका जागेसाठी शंभराहून अधिक जण येतात आणि कधीकधी कोणालाच न निवडता ऑडिशन संपते. विद्यापीठात शिकवायचे असेल, तर गोष्ट उलटी: तिथे डीएमए बहुधा लागतेच, पण ती मिळवणारे जागांपेक्षा फार जास्त आहेत. बहुतेक पदवीधर खासगी शिकवण्या, चर्चमधले वादन, हंगामी वाद्यवृंद असे तुकडे जोडून उत्पन्न उभे करतात. पियानोवादकांना एक वाट त्यातल्या त्यात मोकळी आहे, ती साथीची. या विषयातले अमेरिकेतले पहिले पदवी-शिक्षण १९४७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्वेंडोलिन कोल्डोफ्स्की यांनी सुरू केले. प्रत्येक गायकाला, प्रत्येक तंतुवादकाला, प्रत्येक परीक्षेला साथीदार लागतोच, त्यामुळे स्वरलिपी झपाट्याने वाचून वाजवू शकणाऱ्याला बहुधा शिकत असतानाच कामे मिळू लागतात.