श्रमसुलभता, शेतकामातील

अवजार, ओझे, कामाची उंची आणि लय माणसाच्या शरीराला जुळवून घेऊन इजा टाळण्याचे शास्त्र. 'अर्गोनॉमिक्स' हा शब्दही मराठीत रूढ आहे. तो ग्रीक 'एर्गॉन' (काम) व 'नोमॉस' (नियम) यांपासून झाला. त्याचे जनकत्व कधी पोलंडचे वोयचेख यास्त्शेंबोव्स्की (१८५७), तर कधी ब्रिटनचे के. एफ. एच. मरेल (१९४९) यांना दिले जाते. आधीचा वापर पोलिश असला, तरी आजची शाखा मरेल यांच्या पिढीने उभी केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुळातला विचार मात्र रामाझ्झिनी या इटालियन वैद्याच्या १७०० च्या ग्रंथापर्यंत मागे जातो.

विदर्भातील शेतकामात इजेचे मोठे कारण वाकणे हे आहे. मणक्यांमधील चकतीवरचा दाब स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मोजला. विल्के व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तो एका व्यक्तीवर पुन्हा मोजला. बसण्याच्या दाबाबाबत दोन्हींत फरक आहे. वाकल्याने दाब वाढतो, यावर एकमत आहे. विल्के यांच्या मापनात सरळ उभे असताना दाब ०.५, पुढे वाकल्यावर १.१, तर २० किलो ओझे पाठ वाकवून उचलताना २.३ मेगापास्कल (दाबाचे एकक) होता. तेच ओझे गुडघे वाकवून उचलले, तेव्हा तो १.७ भरला.

कापूस वेचताना कमरेची ओटी भरत जाते, तसे ओझे पोटापुढे लोंबते आणि पाठ ते तोलून धरते. चार-पाच किलो झाले की ओटी रिकामी करावी, किंवा दोन्ही खांद्यांवर पट्टे येणारी झोळी घ्यावी. मजुरी किलोमागे असल्याने थांबणे बाईला परवडत नाही. म्हणून गाठोडे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) न ठेवता वेचणीच्या ओळीजवळच ठेवणे हे शेतमालकाचे काम आहे.

निंदणात उकिडवे बसून गुडघे धरतात. ओळीत पेरलेल्या पिकात चाकाचे कोळपे उभ्याने चालते, पण वापसा (माती ना फार ओली ना कोरडी) असतानाच. ओल्या काळ्या मातीत चाक बुजते आणि वाळलेल्या मातीत पाते घुसत नाही. दांडा धरणारीच्या कोपरापेक्षा किंचित खाली यावा. उंच गड्याच्या मापाने बसवलेल्या दांड्याने बाईचे खांदे भरून येतात. खुरप्याची मूठ ३ ते ४ सेंमी जाड असावी. बारीक मुठीवर बोटे आवळून धरावी लागतात.

पाठीवरच्या फवारणी पंपात १६ लिटर पाणी मावते, म्हणजे पंपाचे वजन सोडून १६ किलो. पट्टे सैल असले की पंप कमरेखाली घसरतो व माणूस पुढे झुकतो. पट्टे रुंद व आखूड ओढलेले असावेत. पंप जमिनीवरून न उचलता कमरेइतक्या ओट्यावर ठेवून भरावा आणि तेथूनच पाठीवर घ्यावा. कमी पाणी भरल्यास औषधही त्याच प्रमाणात घटवावे. पंपागणिक ठरलेले माप तसेच टाकले, तर द्रावण तीव्र होऊन पीक करपते आणि फवारणाऱ्याला विषबाधेचा धोका वाढतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागातील धानाच्या रोवण्यात वाकणे हाताने रोवायचे तोवर टळत नाही. तेथे पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंड्या बांधीत (धानाच्या खाचरात) जागोजागी आधीच टाकून ठेवणे आणि अर्ध्या-पाऊण तासाने काही मिनिटे सरळ उभे राहणे, एवढेच हाती उरते.